सतरा ऑक्टोबरचं पासिंग

तारखांच्या बाबतीत नासीर शेखचा हात धरणारा माणूस मस्कतपासून जळगावच्या मेहरूणपर्यंत कोणी नव्हता. निदान स्वतः नासीर तरी असंच सांगत असे. बावीस वर्षं तो मस्कतला एका शाळेची बस चालवत होता. तिथे गाडीचं कार्ड दर वर्षी नवं करायचं, त्याआधी तपासणी करून घ्यायची, आणि एक दिवस जरी पुढे गेला तरी मालक, पोलीस आणि शाळा असे तिघे मिळून माणसाला उभा सोलतात! म्हणून नासीरच्या फोनमध्ये घंट्याच घंट्या. बसच्या तपासणीची घंटा, विम्याची घंटा, व्हिसाची घंटा, शिवाय खोलीवरच्या गॅस सिलिंडरची घंटा. बरोबरचे ड्रायव्हर त्याला 'कॅलेंडरभाई' म्हणायचे. ते थट्टेने म्हणायचे, हा ते कौतुकाने घ्यायचा.

असा हा कॅलेंडरभाई दोन वर्षांनी महिनाभराच्या सुटीवर जळगावला आला. पहिले बारा दिवस पाहुणे, दावती आणि मस्कतहून आणलेल्या खजुरांचं वाटप यात गेले. तेराव्या दिवशी, गुरुवारी, त्याला करायला काही उरलं नाही. आणि बायकोच्या घरात बिनकामाचा नवरा म्हणजे कापडाच्या दुकानात सोडलेलं मांजर! याने कपाटं उघडायला सुरुवात केली.

दुसऱ्या कपाटात एक प्लास्टिकची फाइल सापडली. त्यात गाडीचे कागद. गाडी म्हणजे चार वर्षांपूर्वी शहजादीने, म्हणजे नासीरच्या बायकोने, धुळ्याच्या आपल्या भावाकडून घेतलेली पांढरी वॅगनार. शहजादी शाळांचे गणवेश शिवायची. एका मशीनची पाच मशीनं झाली होती, आणि धरणगाव, एरंडोल, पाळधीपर्यंत माल पोचवायला ती स्वतः गाडी चालवत जायची. याचं नासीरला कौतुक होतं. जसं लहान मुलाने 'मी चहा केला' म्हटल्यावर आपल्याला वाटतं, तसं!

फाइलमध्ये आरसीचा लॅमिनेट केलेला कागद होता. नासीरने चष्मा पुसला आणि सवयीने सर्वात आधी मुदतीचा रकाना बघितला.

नोंदणीची मुदत : १७ ऑक्टोबर २०२५.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता जानेवारी २०२६. तोही संपत आलेला!

"शहजादी!" नासीर असा ओरडला की गल्लीतल्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. "अगं, गाडीचं पासिंग! सतरा ऑक्टोबर!"

शहजादी पुढच्या खोलीत एका कुर्त्याची बाही लावत होती. तोंडात चार टाचण्या, शेजारी दोन बायकांची दोन मशीनं धडधडत होती. तिने मान वर न करता टाचण्यांमधून उत्तर दिलं, "झालं ते."

"झालं? आणि हे तू इतक्या शांतपणे सांगतेस?"

"मग काय, ढोल वाजवू? झालं म्हणजे झालं. मला हे बेचाळीस ड्रेस उद्या धरणगावला द्यायचेत. सोमवारी सव्वीस जानेवारी. लेझीमची पोरं उघडी नाचवू का?"

नासीर थक्क झाला. पासिंग होऊन, म्हणजे संपून, तीन महिने झाले आणि ही बाई बिनधास्त गाडी पळवतेय! पंधरा वर्षं झालेली गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, तिची तपासणी होते, मग पुढची पाच वर्षं मिळतात, हे या बिचारीला कोण सांगणार? सांगायला घरात होता कोण? तो तर बावीस वर्षं समुद्रापलीकडे. त्याचं मन भरून आलं. चूक तिची नव्हती, असं त्याने मोठ्या मनाने ठरवलं. तिला न बोलता, न रागावता, उद्या शुक्रवारी आपणच गाडी नेऊन पासिंग करून आणायचं. पुढे शनिवार, रविवार आणि सोमवारची सुटी. म्हणजे उद्याच!

त्या दुपारी नासीरने गाडीला जी आंघोळ घातली तशी नवरदेवालाही कोणी घालत नाही. बोनेट उघडून इंजिन पुसलं, टायरना काळं पॉलिश लावलं, डिकीतली स्टेपनी काढून, हवा भरून, परत ठेवली. नंबरप्लेटवरचे आकडे दात घासायच्या ब्रशने घासले. शहजादीने खिडकीतून बघितलं, पण तिला वाटलं, माणूस कंटाळलाय, करू दे.

सकाळी नासीर पांढराशुभ्र शर्ट घालून निघाला.

"गाडी कुठे नेता, अजी?"

"येतो जरा फिरवून."

"बाराला मला लागेल हं. नक्की!"

"अगं, बाराच्या आत दारात उभी!" नासीर म्हणाला. मस्कतला तपासणीला वीस मिनिटं लागत. इथे चाळीस धरू.

गल्लीच्या तोंडाशी पितांबर आबा उभे होते. एसटीतून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तर, आवाज अजूनही टपावरच्या पाशिंजराला ऐकू जाईल असा.

"कथा चालनास रे नासीर, एवढा सकाय सकाय?"

"आरटीओत, आबा. पासिंग करायचंय."

आबांनी गाडीला एक फेरी मारली आणि नंबरप्लेटपाशी येऊन थबकले. "आरे, ही तर एम एच अठरा शे! जयगावले एकोणीस ऱ्हास. अठरानं पासिंग धुयालेच!"

"नक्की, आबा?"

"मी बत्तीस साल यष्टीमा काढात. तू माले शिकाडस का?"

बत्तीस वर्षांपुढे काय बोलणार! नासीरने मनात हिशेब मांडला. धुळं म्हणजे दोन तास जायला, दोन तास यायला. बारा काही साधत नाहीत. पण शहजादीला आत्ता सांगावं तर सगळी गंमतच जाते. आणि ती ड्रेस काय, रिक्षानेही पाठवू शकते. असं त्याला वाटलं, कारण रिक्षात बेचाळीस ड्रेसचे गठ्ठे घालून धरणगावला जायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"चाल, मीबी येस," म्हणत आबा पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. "धुयाले मन्ही बहीण शे. तिले भेटी लेसू."

एरंडोलपर्यंत प्रवास झकास झाला. आबा डाव्या बाजूने सूचना देत होते, नासीर मस्कतच्या रस्त्यांचं वर्णन करत होता, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नासीरचा नियम असल्यामुळे फोन मुका होऊन डॅशबोर्डवर पडला होता.

एरंडोलच्या पुढे मात्र नासीरचा पाय ब्रेकवर गेला. समोर रस्त्याच्या कडेला सात-आठ जण उभे. खाकी कपडे, डोक्यावर टोप्या, खांद्यावर पिवळ्या दोऱ्या! त्यातल्या एकाने रस्त्यावर येऊन हात वर केला.

आता गंमत बघा. बावीस वर्षांत या माणसाने पोलीस पाहून कधी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नव्हता, कारण तशी गरजच पडली नव्हती. कागद चोख असलेल्या माणसाला पोलीस म्हणजे रस्त्यावरचं झाड. पण आज पहिल्यांदाच त्याच्या खिशात संपलेली तारीख होती, आणि त्या तारखेने त्याच्या हातांचा ताबा घेतला. डावीकडे एक बैलगाडीची वाट दिसली. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी खाडकन शेतात घातली!

"आरे! आरे! कथा?" आबा ओरडले.

पन्नास पावलं गाडी नीट गेली. नंतर कळलं की शेतकऱ्याने गव्हाला पाणी सोडलंय, आणि ते पाणी गव्हाला कमी आणि वाटेला जास्त मिळालंय. गाडी एकदा डावीकडे झुलली, एकदा उजवीकडे झुलली, आणि म्हैस बसावी तशी शांतपणे बसली. नासीरने ॲक्सिलरेटर दाबला. काचांवर चिखलाचा असा पडदा आला की गाडीत संध्याकाळ झाली.

आरशात काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. धावत येणारे पाय!

नासीर दार उघडून घोटाभर चिखलात उतरला आणि दोन्ही हात वर केले. "साहेब, संपलंय! सतरा ऑक्टोबरलाच संपलंय! माझी चूक आहे, बायकोचा यात काही संबंध नाही!"

पुढे आलेला माणूस धापा टाकत थांबला. त्याच्या काखेत बिगुल होतं. "काय संपलं भाऊ? पेट्रोल?"

नासीरने नीट बघितलं. टोपीवर पिसं होती. छातीवर सोनेरी अक्षरांत 'भडगाव' असं लिहिलं होतं. आणि मागून एक जण पोटावर ढोल सांभाळत येत होता.

"आरे नासीर," आबा खिडकीतून म्हणाले, "पोलीस नही शेतस त्या. बँडवाला शेतस!"

बँडच्या म्होरक्याचं नाव वना. त्यांचा टेम्पो पारोळ्याच्या अलीकडे बंद पडला होता, लग्न दहाला लागणार होतं, आणि कोणीतरी दोन माणसं तरी पुढे न्यावीत म्हणून त्यांनी हात केला होता. "पण तुम्ही तर आम्हाला बघून शेतातच शिरले!" वना म्हणाला. "इतकं वाईट वाजवतो का आम्ही?"

तरी माणसं भली. त्यांच्यातल्या एकाने स्टिअरिंग धरलं, बाकीचे नासीरबरोबर चिखलात उतरले. ढोलवाला बांधावर उभा राहून ठेका देऊ लागला, वना 'हैशा' म्हणाला, आणि तिसऱ्या ठेक्याला वॅगनार बाहेर आली. ती बाहेर येताना तिच्या चाकाने नासीरच्या पांढऱ्या शर्टावर, चेहऱ्यावर आणि चष्म्यावर जो काही चिखल उडवला, त्याने त्याचा रंग आणि शेताचा रंग एकच झाला. वना आणि बिगुल मागच्या सीटवर बसून पारोळ्यापर्यंत आले. उतरताना वना म्हणाला, "भाऊ, काय संपलं ते काही कळलं नाही, पण जास्त मनाला लावून घेऊ नका."

साडेदहाच्या सुमारास चिखलाचा एक गोळा धुळ्याच्या आरटीओच्या आवारात शिरला. त्याच्या आत गाडी होती.

नासीरने रांग धरली. दीड तासाने तो खिडकीपाशी आला. आत निरीक्षक बाई बसल्या होत्या, तिशीच्या, टेबलावर पाटी : सुलक्षणा. आडनाव फाइलींच्या मागे गेलं होतं. त्यांनी आधी नासीरकडे पाहिलं, मग त्याच्या मागे जमिनीवर उमटलेल्या मातीच्या पावलांकडे.

"बोला, काका."

"मॅडम, पासिंग. मुदत सतरा ऑक्टोबरला संपली. उशीर झालाय, मान्य आहे. जो काही दंड असेल तो द्यायला तयार आहे." हे वाक्य त्याने पारोळ्यापासून पाठ केलं होतं.

बाईंनी नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं. "झालंय की."

"हो, तेच म्हणतोय! झालंय, संपलंय!"

"संपलं नाही काका, झालंय. रिन्यू झालंय. नऊ ऑक्टोबरला तपासणी झाली. ऑक्टोबर दोन हजार तीसपर्यंत गाडीला काही बघायचं नाही."

नासीर हसला. सरकारी संगणकाची त्याला कीव आली. "मॅडम, तुमचं मशीन चुकतंय. माझ्याकडे कागद आहे!" त्याने लॅमिनेट केलेला कागद काचेवर थापला.

"ही झेरॉक्स आहे. जुन्या आरसीची."

"असेल. पण तारीख तर खरी आहे ना? गाडी संपलीय मॅडम, मी सांगतो ना!"

रांगेतली माणसं पुढे सरकली. सुलक्षणा बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, संपलेली गाडी चालू आहे म्हणून भांडणारे रोज वीस जण येतात. चालू गाडी संपलीय म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच! मालक शहजादी नासीर शेख, राहणार जळगाव. बरोबर? तपासणीही जळगावलाच झालीय. इथवर यायचं कारणच नव्हतं."

"पण एम एच अठरा..."

"नंबर अठरा असला तरी मालक जळगावला राहतात ना? मग काम तिथेच होतं."

नासीरने मागे वळून पाहिलं. आबा छताकडे बघत होते. "मन्हा जमानामा तसंच व्हतं," ते पुटपुटले.

त्या क्षणी नासीरच्या कानात टाचण्यांमधून आलेला तो आवाज पुन्हा वाजला. झालं ते. झालं म्हणजे झालं. एवढासा शब्द, आणि तो ऐकताना त्याच्या मनात एकदाही आलं नाही की या शब्दाचा अर्थ 'मी केलं' असाही होतो.

"बरं, गाडी इथवर आणली कोणी?" बाईंनी सहज विचारलं.

"मी!" नासीरची मान थोडी ताठ झाली. निदान एवढं तरी! "बावीस वर्षं मस्कतला शाळेची बस चालवतो, मॅडम. एक ओरखडा नाही." आणि त्याने ओमानचं लायसन्स काढून ठेवलं.

"फोटो छान आलाय. आपल्याकडचं?"

नासीरने पाकिटाच्या सर्वात आतल्या कप्प्यातून भारतातलं लायसन्स काढलं. तो कप्पा इतका जुना होता की लायसन्स आणि चामडं यांचं जवळजवळ लग्न लागलं होतं. बाईंनी ते उजेडात धरलं.

"दोन हजार एकमध्ये काढलेलं. मुदत जुलै दोन हजार एकवीस."

"हां," नासीर म्हणाला. मग, "काय?"

"साडेचार वर्षं झाली, काका."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. नासीरने लायसन्स हातात घेतलं, चष्म्यावरचा चिखल खरवडला, पुन्हा वाचलं. तारीख हलली नाही. फोनमध्ये चौदा घंट्या होत्या, गॅस सिलिंडरचीसुद्धा. पण हे लायसन्स काढलं तेव्हा त्याच्याकडे फोनच नव्हता, आणि पुढे ज्या ज्या घंट्या लावल्या त्या सगळ्या तिकडच्या होत्या. इकडच्या एकाही गोष्टीला त्याने घंटा लावली नव्हती.

"मग आता रिन्यू..."

"एक वर्षाच्या आत आला असतात तर सोपं होतं. आता पहिल्यापासून. आधी लर्निंग काढा, जळगावलाच. मग कमीत कमी तीस दिवसांनी गाडी चालवून दाखवायची."

"तीस दिवस? मॅडम, माझं विमान नऊ फेब्रुवारीला आहे!"

"मग परत याल तेव्हा. पण लर्निंगची मुदत सहा महिने. त्याच्या आत." बाई खिडकीशी वाकल्या. मग थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि ही गाडी आता तुम्ही गेटबाहेर नेऊ नका. मी तुम्हाला चालवताना पाहिलेलं नाही, गाडी उभीच होती. पण बाहेर नेलीत तर पावती फाडावी लागेल. बरोबर कोणी लायसन्सवालं आहे का?"

नासीरने मोठ्या आशेने आबांकडे पाहिलं. बत्तीस वर्षं एसटीत!

"मन्हाकडे काय बघस?" आबा म्हणाले. "मी कंडक्टर व्हतू. माले गाडी थांबाडता येस, चालाडता नही येस."

गाडीपाशी येऊन नासीरने फोन हातात घेतला. एकवीस मिस कॉल! सगळे शहजादीचे. त्याने घाबरत फोन लावला.

"कुठे आहात?" पलीकडून आवाज आला. नेहमीपेक्षा शांत. तो शांतपणा नासीरला पोलिसांपेक्षा भयंकर वाटला.

"धुळ्याला."

"धुळ्याला! आणि डिकीतले ड्रेस?"

"कसले ड्रेस?" असं म्हणत नासीरने डिकी उघडली. आत पांढऱ्या चादरीत बांधलेले चार गठ्ठे. सकाळी तो आंघोळीला गेला असताना तिने ते ठेवले होते. लेझीमचे बेचाळीस ड्रेस, पांढरे कुर्ते आणि केशरी शेले, जळगावहून धुळ्यापर्यंत शेताची हवा खात आले होते!

नासीरने सगळं सांगितलं. झेरॉक्स, बँड, नऊ ऑक्टोबर, आणि शेवटी, अगदी हळू आवाजात, जुलै एकवीस. पलीकडे धडधडणारं मशीन थांबलं.

"तिथेच थांबा," शहजादी म्हणाली. "कशाला हात लावू नका. मी बसने येते."

आबा रिक्षा करून बहिणीकडे गेले, आणि नासीर आवारातल्या बाकावर बसला. समोर पोरंपोरी आठच्या आकड्यात गाड्या फिरवून दाखवत होती. एक मुलगी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं, आणि तिच्या बापाने टाळ्या वाजवल्या.

नऊ ऑक्टोबर. नासीर आठवू लागला. त्या दिवशी रात्री फोन झाला असणारच, रोज होतो. हो, आठवलं. शहजादी म्हणाली होती, "आज सकाळपासून उन्हात उभी होते हो. पण एक मोठं काम झालं." आणि तो म्हणाला होता, "पाणी पीत जा." त्यानंतर वीस मिनिटं तो बसचा एसी कसा बिघडला ते सांगत होता. कोणतं काम, हे त्याने विचारलंच नव्हतं. तिनेही पुन्हा सांगितलं नव्हतं. अशी आणखी किती कामं झाली असतील या बावीस वर्षांत? घराचा स्लॅब पडला, अम्मीचं ऑपरेशन झालं, पाच मशीनं आली. प्रत्येक वेळी तो पाणी पीत जा म्हणाला असेल आणि पुढे स्वतःचंच सांगत बसला असेल. त्याला वाटत होतं की पैसे पाठवून तो घर चालवतोय. घर चालवणारं माणूस वेगळंच होतं. त्याच्याकडे तर चालवण्याचं लायसन्सच नव्हतं.

त्याने उठून बादली मागितली आणि गाडी धुवायला घेतली. या वेळी कोणाला दाखवायला नाही. काचेतून तिला रस्ता दिसावा म्हणून.

अडीचला शहजादी आली. काळा बुरखा, खांद्याला पर्स, हातात डबा. तिने आधी गठ्ठे उघडून बघितले, ड्रेस कोरडे होते. मग गाडीकडे बघितलं. मग नासीरकडे. तिचे ओठ थरथरायला लागले. नासीरला वाटलं आता वीज पडणार. पण ती वळून हसत होती, बुरख्यात तोंड लपवून, पोट धरून हसत होती.

"बँडवाल्यांना म्हणालात बायकोचा काही संबंध नाही?"

"म्हणालो."

"तेवढं एक तरी खरं बोललात," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "किल्ली. पाचच्या आत धरणगाव. ओरडायला आत्ता वेळ नाही, ते घरी गेल्यावर."

बहिणीच्या दारातून आबांना घेतलं. आबांचा गुडघा वाकत नसल्यामुळे पुढची सीट त्यांची. नासीर मागे बसला, मांडीवर एक गठ्ठा, हातात डबा. बावीस वर्षांत तो मागच्या सीटवर बसल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिथून रस्ता वेगळाच दिसत होता. ट्रक आला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा आणि पायाखाली फक्त चटई सापडायची. शहजादी मात्र सहज चालवत होती. गिअर कधी बदलला कळत नव्हतं. कुठे खड्डा आहे ते तिला आधीच माहीत असायचं.

"सुंदर चालवतेस," तो म्हणाला.

"चार वर्षं चालवतेय."

"नऊ ऑक्टोबरला काय काय झालं? सांग ना."

आरशात तिचे डोळे एक क्षण त्याच्यावर आले, परत रस्त्यावर गेले. "आता विचारता?"

"आता विचारतो."

मग तिने सांगितलं. आदल्या दिवशी एक दिवा गेला, तो कसा बदलला. दोनदा परत कसं पाठवलं. निरीक्षकाने 'गाडी कोण चालवतं' विचारलं तेव्हा शेजारचा माणूस कसा हसला, आणि तिने त्याच माणसाच्या दोन गाड्यांमधून वॅगनार उलटी कशी काढून दाखवली. पारोळा गेलं, एरंडोल आलं. आबासुद्धा गप्प बसून ऐकत होते. नासीरने मध्ये एकदाही मस्कतचं नाव काढलं नाही.

सांगून झाल्यावर तिने एक ट्रक मागे टाकला. मग समोर बघतच म्हणाली, "लर्निंग सोमवारनंतर काढून टाकू. मंगळवारी मी नेते तुम्हाला. त्याची मुदत सहा महिने, म्हणालात ना?"

"हो."

"म्हणजे जुलैच्या आत यावं लागेल."

दर दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला ती हे विचारत होती की सांगत होती, ते नासीरला कळलं नाही. पण या वेळी त्याने अर्थ लावायची घाई केली नाही. "यावं लागेल," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

साडेचारला गाडी धरणगावच्या शाळेच्या फाटकातून आत शिरली. मैदानात बेचाळीस पोरं लेझीम घेऊन उभी होती, आणि हेडसर त्यांच्यापुढे येरझाऱ्या घालत होते. गाडी बघताच पोरांनी अशी आरोळी ठोकली की जणू ड्रेस नाही, बर्फाचे गोळे आलेत. नासीर गठ्ठा खांद्यावर घेऊन उतरला. केसांत वाळलेला चिखल, शर्टाचा मूळ रंग कोणता ते ओळखू येत नव्हतं, पायात चप्पल एकच. दुसरी गव्हात राहिली होती.

हेडसर पुढे आले. "आलात ताई! जीव भांड्यात पडला." मग त्यांनी नासीरला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. "ड्रायव्हर ठेवलात वाटतं? बरं केलंत. एकटीची किती धावपळ होते तुमची!"

नासीरने तोंड उघडलं. पण शहजादी आधी बोलली.

"ठेवायचा विचार आहे सर. पण अजून लायसन्स नाही त्यांच्याकडे."

"अरेरे! मग?"

"जुलैपर्यंत वेळ दिलाय. बघू."

हेडसर नासीरकडे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "काढून घे बाबा लवकर. ताईंकडे काम चांगलं आहे, टिकून राहा."

"हो सर," नासीर म्हणाला, आणि दुसरा गठ्ठा आणायला गाडीकडे गेला.